दम कुठे गेला?

दहा हजार मीटर म्हणजे चारशेच्या ट्रॅकला पंचवीस फेऱ्या. शंभर मीटरच्या वेळी दोरीपाशी गर्दी मावत नाही, आणि आमची शर्यत सुटली की लोक चहाला उठतात. फेऱ्या मोजणारे पंचसुद्धा मधूनच जांभया देतात. शेवटच्या फेरीची घंटा वाजली की मगच मैदानाला आमची आठवण येते. मला मात्र मधल्याच फेऱ्या आवडायच्या. निम्मं अंतर सरलं की पुढच्या मुलीचा श्वास ऐकू यायला लागतो. तो तुटतोय, खांदे कानाकडे चढतायत असं दिसलं की समजायचं, हिचं आता जुळत नाही. पण वळणावर ओलांडायचं नाही. बाहेरून गेलं की फुकटचं जास्त अंतर पळावं लागतं. सरळ पट्टा लागेपर्यंत तिच्या खांद्यामागे गप राहायचं आणि मग एकदाच निघायचं.

पेठ तालुक्यातून मी नाशिकला बी.ए.ला आले, ती खरं तर पळायलाच. २०१० साली मी शाळेत होते. त्या वर्षी सावरपाड्याच्या कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं आणि पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तेव्हापासून आमच्या पट्ट्यात जरा लांब पळणारी पोर दिसली की मास्तर म्हणायचे, "पळ, कविता होशील." मी कॉलेजात असताना नाशिकच्याच संजीवनी जाधवने तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजारांत रौप्य आणलं. कॉलेजच्या पळण्यातून कुठवर जाता येतं, ते अशा रीतीने समोरच होतं.

सराव पहाटेचा, मातीच्या मैदानावर. सर सायकलवरून बरोबर यायचे, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. मंगळवारी चारशेच्या इंटर्व्हल, गुरुवारी टेम्पो, मध्येच कधी पांडवलेणीच्या पायऱ्या, रविवारी गंगापूर धरणाच्या रस्त्याला लाँग रन. बाकीचे दिवस नुसतं हळू पळायचं. सर म्हणायचे, "पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत." हे शिकायला सगळ्यात अवघड. सतरा-अठराच्या पोरीला हळू पळणं हा अपमान वाटतो.

खर्चाचं गणित वेगळंच. बूट, स्पाइक्स, बसचं भाडं हे सगळं गावोगावच्या बक्षिसांतून निघायचं. शिवजयंती, जत्रा, पुढाऱ्याचा वाढदिवस, काहीही निमित्त असो. अंतर पाच किलोमीटर, फलकावर नाव 'भव्य मॅरेथॉन'. पहिलीला पाकीट, तिसरीला स्टीलचा डबा. रविवारी सकाळी असली शर्यत, मंगळवारी पुन्हा इंटर्व्हल, त्यातच आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठ संघाचं शिबिर. पहिल्याच वर्षी क्रॉसकंट्रीच्या संघात निवड झाली. कॉलेजने फलकावर फोटो लावला. हॉस्टेलच्या जेवणात मात्र दोन पोळ्या, पातळ वरण, भात आणि बटाटा. यात बदल नाही.

दुसऱ्या वर्षी काहीतरी बिनसलं. तिसऱ्या किलोमीटरलाच मांड्या जड व्हायच्या. जिना चढताना धाप लागायची. रोजच्याच वेगाने पळताना छाती धडधडायची. मैदानावर निदान लगेच झालं: मन लागत नाही, मोबाईल वाढलाय, बक्षिसं मिळाली की असंच होतं. दम कमी पडतोय म्हणून अंतर वाढवलं गेलं. मी आणखी हळू झाले. घरी गेले तेव्हा आईने पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाली, "पोरी, रक्तच नाही गं तुझ्या अंगात." तिने तो दिवस वाया घालवला नाही, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन निघालं साडेआठ. बाईला किमान बारा तरी लागतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते मला आजही पाठ आहे. स्नायूंकडे प्राणवायू नेतं ते हिमोग्लोबिन आणि ते बनतं लोहापासून. लांब पळणाऱ्या मुलीचं लोह पाळीतून जातं, घामातून जातं, आणि पाय जमिनीवर आपटून तळव्यांपाशी लाल पेशी फुटतात त्यातूनही थोडं जातं. जाणं वाढलेलं, येणं मात्र दोन पोळ्यांचं. त्यात आम्ही जेवणावर चहा घेणार, म्हणजे अन्नातलं लोहही नीट अंगी लागत नाही. गोळ्या सुरू झाल्या, चहा जेवणापासून लांब गेला, पानात हरभरे, नाचणी, पालेभाजी आणि वर लिंबू आलं. चार दिवसांत फरक पडत नाही, महिने लागतात. तो हंगाम गेलाच.

तिसऱ्या वर्षी परतले. वेळ जवळपास पहिल्या वर्षाइतकी आली. विद्यापीठाच्या निवड स्पर्धेत चौथी आले. शेवटच्या पट्ट्यात एकीला गाठलं, दुसरी सापडली नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण नुसत्या सहभागाच्या प्रमाणपत्रावर माझं काम झालं नाही. बी.पी.एड. केलं आणि आता कनिष्ठ महाविद्यालयात क्रीडाशिक्षिका आहे. माझ्याकडच्या बऱ्याच मुली पोलीस भरतीच्या आठशे मीटरसाठी येतात, दोन-तीनच लांब पल्ल्याच्या. दमून बसलेल्या मुलीला मी आधी पाळीबद्दल आणि जेवणाबद्दल विचारते, मग वेळेबद्दल. पुरुष प्रशिक्षकांना हे विचारायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण न विचारल्याने मुलींचे हंगामच्या हंगाम जातात.

म्हणून माझं क्रीडाशिक्षकांना आणि आईबापांना एकच सांगणं आहे. हंगाम सुरू होण्याआधी पळणाऱ्या प्रत्येक मुलीचं रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही करा, कारण साठ्यातलं लोह आधी संपतं आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्या, लोह जास्त झालं तरी अपाय होतो. जून-जुलैमध्ये ट्रॅकसूटची मापं घेता, त्याच आठवड्यात हेही उरकून टाका.