नेमकं कुठं होतं?

भोरहून वरंध घाटाकडे निघालं की नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता वळत जातो. वेल्ह्याहून पाबे घाट ओलांडून खानापूरला उतरणारा रस्ताही तसाच वळणांचा. म्हणून इकडचा जुना मिस्त्री जीप गॅरेजात आली की पान्याला हात लावण्याआधी विचारतो, "नेमकं कुठं होतं?"

निम्मं निदान या उत्तरात असतं. उतारावर ब्रेक दाबताच गाडी एकीकडे ओढत असेल, तर आधी ब्रेकचे ड्रम उघडायचे. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नसेल, तर संशय चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनवर. पण सपाटीला, पन्नासच्या वेगात एक खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाकं फडफडायला लागतात, स्टिअरिंग हातात ठरत नाही, गाडी जवळजवळ उभी केल्याशिवाय थरथर जात नाही. हे दुखणं सगळ्यात चकवणारं. जीपचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड असतो, त्यामुळे एका चाकाचा हिसका थेट दुसऱ्यात जातो.

महिंद्रांनी 1947 मध्ये विलिस जीप जोडायला घेतल्या. त्या घराण्यातली सीजे-3बी अशीच थरथरत आली होती. मालकानं हौसेनं रुंद टायर घातले होते, नाक उंच दिसावं म्हणून पाट्यांना लांब शॅकल लावले होते. मूळ टायर 6.00-16 मापाचे आणि चाकं सरळ ठेवणारा किंगपिनचा मागचा झुकाव फक्त 3 अंश. शॅकलनं तोच खाऊन टाकला होता. त्यावर स्टिअरिंग डॅम्पर बसवलेला! डॅम्परनं थरथर दबते, पण ढिलाई आतल्या आत वाढत राहते. कारण सापडल्याशिवाय तो बसवणं चूकच.

मिस्त्रीनं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं. खुळखुळ होती. मग हाताखालच्या पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ थांबली असती, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. ती तशीच राहिली, म्हणजे किंगपिन. नंतर पोरगं स्टिअरिंग डावं-उजवं हलवत राहिलं आणि मिस्त्री गाडीखाली झोपून एकेक सांधा मुठीत धरत गेला. डोळ्याला न दिसणारी ढिलाई तळहाताला लागते. क्रॉसमेंबरवरच्या बेलक्रँकची, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या दुव्याची, पिन झिजलेली निघाली. या जीपांत ती बहुधा आधी जाते.

पिन बदलली. किंगपिनच्या टोपीखालच्या काही शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून बेअरिंग आवळलं, पाट्याखाली पाचर देऊन झुकाव परत आणला. दोरी ताणून चाकं मोजली: पुढून, मागच्यापेक्षा दोनेक मिलिमीटर आत. डॅम्पर काढून कोपऱ्यात ठेवला.

मग तो स्वतः नसरापूर रस्त्यावर गेला, मालकानं सांगितलेल्या खड्ड्यातून, त्याच वेगानं. एक धक्का बसला, चाकं सरळ राहिली. किल्ली देताना मालकाला त्यानं दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा यायला सांगितलं, कारण आवळलेलं बेअरिंग जागेवर बसलं की शिम परत तपासाव्या लागतात.