दारावरचा माणूस

नोव्हेंबर २०२५ मध्ये कुबरनेटिसच्या मंडळींनी जाहीर केलं की 'इन्ग्रेस-एनजिनएक्स' निवृत्त होणार. मार्च २०२६ पर्यंत जमेल तेवढी डागडुजी, त्यानंतर नवी आवृत्ती नाही, की सुरक्षेचं भोक बुजवणं नाही. बाकीच्यांना वाटेल, यात काय एवढं? पण आमच्या टीमचं सगळं दुकान याच दारातून चालत होतं. माझे पुढचे शनिवार-रविवार कुठं जाणार ते त्याच दिवशी ठरलं :)

त्यातले दोन मी गावी, बिद्रीत काढले. पण आधी हे दार काय प्रकरण आहे ते सांगतो.

कंटेनरच्या क्लस्टरमध्ये तुमचं ॲप 'पॉड'मध्ये चालतं. पॉड मरतो, दुसरा जन्मतो, त्याचा पत्ता नवीन. म्हणून त्यांच्यापुढं 'सर्व्हिस' नावाची कायमची पाटी लावायची. पण साधी सर्व्हिस फक्त आतल्यांना दिसते. बाहेरच्यानं यायचं कसं? एक मार्ग नोडपोर्ट. प्रत्येक मशीनवर ३०००० ते ३२७६७ मधला एक पोर्ट उघडायचा. घरगुती प्रयोगाला ठीक, पण गिऱ्हाइकाला पत्त्यापुढं ३१४५६ लिहायला सांगणार का? दुसरा लोडबॅलन्सर. क्लाउडवाल्याकडून प्रत्येक सर्व्हिसला वेगळा पत्ता घ्यायचा. वीस ॲप, वीस पत्ते, वीस बिलं. तिसरा मार्ग इन्ग्रेस. दार एकच. विनंती कुठल्या नावानं आणि कुठल्या वाटेनं आली ते बघून आत पाठवायची.

आता यातली गोम. इन्ग्रेस हा नुसता कागद असतो. तो लिहून ठेवला म्हणजे काहीच होत नाही. आमच्याकडं हे समजावायला लांब जावं लागत नाही. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याला, म्हणजे सगळे ज्याला नुसतं 'बिद्री' म्हणतात त्याला, कागल, राधानगरी, भुदरगडकडून ऊस येतो. तोडीची चिठ्ठी हातात आहे म्हणून ऊस आपोआप गव्हाणीत जाऊन पडत नाही. गाडीला नंबर लागतो, काट्यावर वजन होतं, मग गव्हाण. चिठ्ठी वाचणारा माणूस दारावर लागतोच. कुबरनेटिसमध्ये तो माणूस म्हणजे कंट्रोलर, आणि जगात सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या कंट्रोलरांपैकी एक म्हणजे हा निवृत्त होणारा.

त्याला सांभाळत कोण होतं? कित्येक वर्षं एक-दोन माणसं, नोकरी सांभाळून, रात्री नि सुट्टीला. मदत मागितली, पुरेशी आली नाही. हे मी चुलत्यांना, आप्पांना सांगत होतो.

"पगार किती त्यास्नी?"

"पगार नाही आप्पा. हौसेनं करतात."

"आनि गाड्या कुणाच्या जात्यात त्या दारातनं?"

"मोठमोठ्या कंपन्यांच्या."

"मग कंपन्या काय देत्यात?"

आमच्या अख्ख्या धंद्याकडं या प्रश्नाला धड उत्तर नाही. आप्पांनी तंबाखूची डबी काढली आणि विषय संपवला.

मार्च २०२५ मध्येच धोक्याची घंटा वाजली होती. विझ कंपनीच्या संशोधकांनी याच कंट्रोलरमधली भोकं उघड केली. सगळ्यात वाईट भोकाला १० पैकी ९.८ गुण (यात जास्त गुण म्हणजे जास्त वाईट!). क्लस्टरच्या आतल्या नेटवर्कपर्यंत पोचलेला कुणीही, पासवर्डशिवाय, दारावरच्या माणसाकडून हवं ते करून घेऊ शकत होता. आणि नेहमीच्या मांडणीत या माणसाकडं साऱ्या क्लस्टरच्या गुपितांच्या किल्ल्या असतात.

सोय तीच अडचण, असं झालं होतं. प्रत्येक टीमला आपल्या कागदाच्या समासात टिपणं लिहायची मुभा होती, त्यांना 'ॲनोटेशन' म्हणतात. फाइल एक एमबीपेक्षा मोठी येऊ दे, साठ सेकंदांपेक्षा जास्त थांब, वगैरे. काहींत तर एनजिनएक्सची कच्ची सेटिंगच घुसडता यायची. मला सगळ्यात चक्रावून टाकणारं सापडलं ते असं: एका टीमनं आपल्या कागदावर रेजेक्सचं टिपण लावलं, की त्याच होस्टवरच्या दुसऱ्या टीमच्या वाटाही रेजेक्स म्हणून वाचल्या जातात. लहान-मोठं अक्षरही मग सारखंच. दुसऱ्या टीमला पत्ताच नाही! म्हणजे नव्या दारावर काटेकोर वाचणारा बसवला, की इतकी वर्षं चालणारी लिंक बंद पडणार.

म्हणून आम्ही नुसता कंट्रोलर न बदलता गेटवे एपीआयकडं जायचं ठरवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्यात दाराचा कागद वेगळा आणि वाटेचा वेगळा. दार कुठं, कुठल्या पोर्टवर, कुणासाठी उघडं, हे क्लस्टर सांभाळणारे ठरवतात. ॲपवाले फक्त आपली वाट लिहितात. रूपांतराला 'इन्ग्रेस-टू-गेटवे' नावाचं साधन आहे, पण टिपणांपाशी ते बऱ्याचदा हात टेकतं. ती एकेक वाचावी लागली. शेजारून रात्रभर उसाचे ट्रॅक्टर जात होते, गाणी लावून. झोप तशीही येणार नव्हती.

बरं, दोन खुलासे, कारण ऑफिसात रोज कुणीतरी विचारतं. इन्ग्रेस हा कागदाचा प्रकार बंद झालेला नाही, त्यात फक्त नवीन भर पडणार नाही. आणि एफफाइव्ह कंपनीचा 'एनजिनएक्स इन्ग्रेस कंट्रोलर' हा वेगळाच प्राणी. एका गावात दोन पांडुरंग असावेत तसं. दुसऱ्याचा निरोप पहिल्याला देऊ नका.

आणि साहेबलोक म्हणतील, "चाललंय ना? मग कशाला हात लावता?" चालतच राहणार. निवृत्तीच्या दिवशी काहीच बंद पडत नाही, हीच त्यातली भीती. पुढचं ९.८ वालं भोक सापडेल तेव्हा बुजवायला कुणी नसेल.

आमचं जुनं दार आता जवळजवळ रिकामं आहे. एकच ॲप अजून तिथून ये-जा करतं. ते कुठल्या टीमचं, हे तीन मेल पाठवूनही कळलेलं नाही. सोमवारी जागेवर जाऊन विचारतो.