सातपटीचा हिशेब

गुलमंडीत माझ्या पुतण्याचे किराणा व सुकामेव्याचे दुकान आहे. गेल्या वर्षी होळीनंतर तेथे एक पाटी लागली : 'शेवग्याच्या पाल्याची पावडर. संत्र्याच्या सातपट सी जीवनसत्त्व.' ही पाटी लागण्यास मीच कारणीभूत होतो, हे आरंभीच कबूल करतो. मोबाईलवर आलेला एक संदेश मी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवला होता आणि खाली लिहिले होते, 'विचार करण्याजोगे.' निवृत्त बँक अधिकाऱ्याने 'विचार करण्याजोगे' म्हटले की घरातील मंडळी स्वतः विचार करीत नाहीत. एम.कॉम. झालेल्या माणसाने आकडा तपासलाच असेल, असे ती धरून चालतात. मी तो तपासलेला नव्हता.

आमच्या घरी मोसंबीचा रस ही जुनी रीत. माझ्या नोकरीची बरीच वर्षे शेतीकर्जाच्या खात्यावर गेली. पैठण, अंबड, बदनापूर या भागांतील मोसंबीच्या बागा मी कागदावरही पाहिल्या आणि बांधावर उभे राहूनही. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर झाडे जगवण्याची शेतकऱ्यांची धडपड पाहिली आणि शेवटी त्याच झाडांवर कुऱ्हाड चालवतानाही त्यांना पाहिले. मोसंबीचे झाड फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. त्यामुळे तोडलेली बाग म्हणजे केवळ थकलेला हप्ता नसतो. अशा माणसांकडून आलेल्या फळाविषयी घरात एक आदर होता. दुपारी चारच्या सुमारास सौ. चा एक पेला ठरलेला असे. मला मधुमेह असल्याने माझ्या वाट्याला फक्त साली उचलण्याचे काम येई.

मृग बहाराची मोसंबी चैत्रापर्यंत संपत येते. पुढे उन्हाळ्यात भाव चढतात, आणि एका पेल्याला तीन-चार फळे लागतात. त्याच सुमारास तो संदेश आला. मी सौ. ना म्हणालो, "एवढे पैसे कशाला घालवायचे? एक चमचा पावडर घेत जा, सातपट फायदा आहे." त्यांनी मोसंबी बंद केली आणि सकाळच्या चहाबरोबर कोमट पाण्यात चमचाभर पावडर सुरू केली. ती पुतण्याच्याच दुकानातली होती, म्हणजे घरचा पैसा घरातच राहिला याचाही आनंद.

श्रावणात त्यांनी अठ्ठाईचा संकल्प बोलून दाखवला. वय ६३, म्हणून मुलाने आधी रक्त तपासून घेण्याचा आग्रह धरला. हिमोग्लोबिन ९.२ आले. आदल्या वर्षी ते ११.६ होते. डॉक्टरांनी इतर तपासण्या करून घेतल्या, त्यांत काही निघाले नाही. परंतु आठ दिवसांच्या उपवासाला त्यांनी स्पष्ट नकार दिला. सौ. काही बोलल्या नाहीत. पर्युषणात त्यांनी एकासणी केली आणि ज्यांची अठ्ठाई झाली त्या शेजारणीच्या पारण्याला हसतमुखाने जाऊन आल्या. घरी परतल्यावर मात्र बराच वेळ देवघरात बसून होत्या.

मोसंबी बंद केल्यामुळेच रक्त उतरले, असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. पण आहारतज्ज्ञ बाईंनी रोजचे ताट विचारले, आणि पावडर व चहा एकाच वेळी घेता हे ऐकताच त्यांनी लेखणी खाली ठेवली. त्या दिवशी घरी येऊन मी ते काम केले, जे फाल्गुनातच करावयास हवे होते.

सातपट आले कोठून? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची भारतीय अन्नपदार्थांची जुनी कोष्टके आहेत, डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांची. त्यांत शेवग्याच्या ताज्या पाल्यात १०० ग्रॅमला २२० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व, तर संत्र्यात ३०. भागाकार केला की सात येतात. म्हणजे संदेश लिहिणाऱ्याने आकडा हवेतून आणला नव्हता. मात्र त्याच कोष्टकात मोसंबीला ५० आहेत, म्हणजे आपल्याकडच्या फळाशी तुलना केली असती तर सातपटीची चारपटच राहिली असती. त्याच संस्थेने २०१७ मध्ये नवी कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत पाल्याला सुमारे १०८ आणि मोसंबीला ४७ च्या आसपास आहेत. आता उरली सव्वादोनपट. फळाची जात, जमीन, तोडणीनंतर गेलेला वेळ आणि मोजण्याची पद्धत, या सगळ्यांनी असे आकडे हलतात. त्यामुळे जुने कोष्टक खोटे होते असे नव्हे. पण जुन्या ताळेबंदावर नवे कर्ज कोणी मंजूर करीत नाही.

ही झाली १०० ग्रॅम ताज्या पाल्याची गोष्ट. १०० ग्रॅम पाला एका माणसाच्या पानात कधी पडतो? मुगाची डाळ घालून केलेल्या भाजीत एकाच्या वाट्याला ३०-४० ग्रॅम येतो. सी जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते आणि पाण्यात उतरते, शिजवताना अर्धे गेले असे धरावे. हातात उरतात २० मिलिग्रॅम. उलट एका मध्यम मोसंबीतून १०० ग्रॅमच्या आसपास गर निघतो, तो कच्चाच खाल्ला जातो. म्हणजे ४५ ते ४७. शेवग्याच्या शेंगेचाही आकडा नव्या कोष्टकात ७० च्या पुढे आहे, आणि आमटीत उतरलेला अंश आमटीबरोबर पोटात जातो. परंतु शेंगेतला मगज चोखून चोथा आपण ताटाच्या कडेला ठेवतो, तो भाग कोणत्या खात्यावर टाकायचा? मी तो घसारा म्हणून लिहिला.

आता पावडर. ताज्या पाल्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, म्हणून ५ ग्रॅमचा चमचा म्हणजे साधारण २० ग्रॅम पाला. सुकवताना सी जीवनसत्त्वाचा मोठा भाग जातोच. पण दुकानदाराच्या बाजूने सर्वांत उदार हिशेब करू आणि काहीच गेले नाही असे मानू. तरी एका चमच्यात २२ मिलिग्रॅमच होतात, म्हणजे अर्ध्या मोसंबीइतके. पूर्वी सौ. रोज २०० मिलिलिटरचा पेला घेत, त्यात ९० च्या जवळपास मिळत असत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०२० ची शिफारस प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅमची आहे. मी त्यांची पुरी भरणारी ठेव मोडून त्या जागी चिल्लर ठेवली होती.

शेवग्यावर मात्र अन्याय नको. पाल्यात १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम, ६ ग्रॅमच्या वर प्रथिने आणि साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे. या रकान्यांत मोसंबी त्याच्या जवळपासही येत नाही. शिवाय रसाच्या पेल्यात तीन-चार चमचे साखर असते आणि तंतू गाळणीतच राहतात, ज्याची किंमत माझ्यासारख्याला ठाऊक आहे. पण आपण शाकाहारी मंडळी. आपल्याला मिळणारे लोह वनस्पतींचे, आणि ते शरीरात सहज शिरत नाही. त्याच जेवणात सी जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते आणि चहा असेल तर कमी. पाल्यातील लोहाला मोसंबीची सोबत हवी होती. मी ती काढून घेतली आणि शेजारी चहाचा कप ठेवला.

मग घरातील व्यवस्था बदलली. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी, तिच्याबरोबर मोसंबीच्या फोडी, रस नव्हे. चहा तासाभराच्या अंतराने. चौविहारामुळे संध्याकाळचे जेवण लवकर असते, तेव्हा त्या ताटातही दोन फोडी बसतात. चातुर्मासात पाला आपल्याकडे वर्ज्य. पावसाळ्यात शेवग्याच्या झाडावर केसाळ सुरवंटांची जी गर्दी दिसते, ती पाहिल्यावर त्याचे कारण विचारावे लागत नाही. (पावडर चातुर्मासात चालते की नाही यावर आमच्या घरी दोन मते आहेत, तो निर्णय महाराजसाहेबांवर सोडतो.) नेमक्या त्याच महिन्यांत आंबे बहाराची मोसंबी बाजारात येऊ लागते. कार्तिकात सौ. चे हिमोग्लोबिन १०.८ झाले. श्रेय प्रामुख्याने गोळीचे, हेही नोंदवून ठेवतो.

पाटी राहिली होती. हिशेबाचा कागद घेऊन मी दुकानात गेलो. पुतण्याने तो शांतपणे वाचला आणि म्हणाला, "काका, तुमचे खरे आहे. पण मी पाटी काढली तर समोरचा तीच लावून विकेल." त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. मी म्हणालो, "अरे, तराजूत दहा ग्रॅम कमी टाकलेस तर आपण त्याला अतिचार म्हणतो. पाटीवर पाच पट जास्त लिहिणे कोणत्या मापात बसते?" तो हसला. मग मला म्हणाला, "संदेश तर तुम्हीच पाठवला होता." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच ठिकाणी उभा राहून मी कुटुंबाच्या ग्रुपवर दुरुस्ती लिहिली, सगळ्या आकड्यांसह. बारा जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली, वाचली किती जणांनी ते कळले नाही.

पाटी दोन दिवसांनी बदलली. आता तिच्यावर फक्त 'शेवग्याच्या पाल्याची पावडर, १०० ग्रॅम' आणि किंमत एवढेच आहे. खप थोडा उतरला आहे, असे तो म्हणतो. मी दर महिन्याला एक पुडा विकत घेतो, पैसे देऊन. डाळीत घालण्यासाठी ती चांगली आहे.

सौ. नी यंदा पुन्हा अठ्ठाईचे नाव काढले आहे. डॉक्टरांनी आषाढात रक्त तपासून मग सांगतो, असे म्हटले आहे.