पाण्याची पाळी आणि देहाची

तुमच्यापैकी बहुतेकांचे वाचन दिवसभराची कामे उरकल्यावर सुरू होते. शेत, कारखाना, दुकान, घर यांतून थकलेला देह घेऊन तुम्ही पुस्तकासमोर बसता. दहा पाने होण्याआधी मान आखडते, कंबर बोलू लागते. योगाभ्यासाविषयी मी लिहितो आहे ते तुमच्या या बसण्याला स्मरून.

माझे गाव इंदापूर तालुक्यात, नोकरी बारामतीत. भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे या वाटेवर एसटीच्या दोन्ही बाजूंना ऊस असतो. अशा भागात योगासनांचे नाव काढले की पहिला प्रश्न ठरलेला. माझी आईच विचारी, "दिवसभर रानात राबणाऱ्याला आणखी कसली आसनं?"

प्रश्न बिनतोड वाटतो. पण खुरपणी करणाऱ्या बाईकडे नीट पाहा. ती तासन्‌तास उकिडवी, पुढे झुकून, एकाच हाताने काम करते. पाठ मागे वळत नाही, हात डोक्याच्या वर जात नाही. श्रम पुष्कळ होतात, परंतु सगळे एकाच दिशेने. संगणकासमोरच्या कारकुनाचेही तेच, फक्त घाम कमी. दिवसभरात देह ज्या दिशेला गेलाच नाही, त्या दिशेला त्याला थोडे थोडे नेणे, हे आसनांचे काम. साठी उलटल्यावर आईने भिंतीला तळवे टेकवून ते रोज जरा वर सरकवण्याचा परिपाठ धरला. दोन महिने काहीच घडले नाही. पुढे एका सकाळी तिने फळीवरचा डाळीचा डबा मला हाक न मारता स्वतः काढला.

हे दोन महिने निभावणे अवघड असते. आपल्याला फळ लवकर हवे असते, म्हणून आठवडाभर विसरायचे आणि रविवारी दोन तास देह पिळून काढायचा, असा प्रकार होतो. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पाण्याची पाळी आली की रान तुडुंब भरून घ्यायचे, ही जुनी सवय. त्या अतिपाण्याने आणि निचऱ्याच्या अभावाने इकडच्या कित्येक जमिनी क्षारपड झाल्या. आता अनेक रानांत ठिबकच्या नळ्या दिसतात. रोजची वीस मिनिटे मला त्या थेंबांच्या जातीची वाटतात.

पतंजलींच्या योगसूत्रांत प्रत्यक्ष आसनावर अवघी तीन सूत्रे आहेत. अभ्यास दृढ कसा होतो हे सांगताना मात्र ते दीर्घ काळ, सातत्य आणि आदर यांची अट घालतात. पहिल्या दोन गोष्टी सहज समजतात; 'आदर' या शब्दापाशी मी बराच रेंगाळलो. दुखऱ्या गुडघ्यावर बळजोरी न करणे हाही आदरच, असा अर्थ मी लावला आहे. पुण्यात 1937 साली आलेले बी. के. एस. अय्यंगार बालपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी खंगलेले होते. शिक्षक म्हणून ते मवाळ मुळीच नव्हते. तरीही ज्याला जमत नाही त्याच्यासाठी त्यांनी खुर्ची, दोर, लोड, पट्टा अशी साधने वापरात आणली. म्हणून खुर्चीचा आधार घेण्यात कमीपणा मानू नका.

योगाने सर्व रोग बरे होतात असे सांगणाऱ्यांपासून जपून राहा. जुनाट कंबरदुखीला नियमित सरावाने काही उतार पडतो आणि संथ, लांबवलेल्या उच्छ्वासाने मन निवते, एवढे भरवशाने म्हणता येते. मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करायची नाही. एकवीस जूनला मैदानावर जमणाऱ्या गर्दीविषयी माझी तक्रार नाही. बावीस तारखेला कोण सतरंजी अंथरते, एवढेच मी पाहतो.

वेळ कुठून आणायचा, हे तुम्ही विचारणारच. माझा अनुभव असा, की वाचनानंतर ठेवलेला सराव झोपेत बुडतो. म्हणून तो वाचनाआधी करावा, पण जेवण झाल्या झाल्या नव्हे. पुस्तक शेजारी मिटलेले असू द्या. भिंत, एक सतरंजी आणि घरातल्यांना आधी सांगून ठेवलेली वीस मिनिटे, एवढ्यावर काम भागते. पाहुणे आले, वीज गेली, तर दहाच मिनिटे करा. उरलेली दहा दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात धरू नका.