रंकाळ्याच्या गावातले मुहाजिर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन कोल्हापूरला गेलो. कळंबोलीहून रात्रीची एसटी धरली आणि सकाळी उतरलो.

रंकाळा पाहून मुले खूश झाली. पूर्वी इथे दगडाची खाण होती, असे सांगतात. काठावर शालिनी पॅलेस आहे, पाण्यात संध्यामठ आहे. संध्याकाळी भेळेच्या गाड्यांभोवती अर्धे शहर जमते. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंगही आम्ही आवर्जून दाखवले. आपली मुले शिकावीत म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली त्यासाठी पुढाकार घेतला होता.

महावीर उद्यानात मात्र एका स्मारकापाशी मुलगा थांबला. ते पोलंडच्या लोकांचे होते. दुसऱ्या महायुद्धात रशियाने लाखो पोलिश लोकांना सैबेरियात हद्दपार केले. तिथून सुटलेल्यांपैकी सुमारे ५,००० जण, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ ते १९४८ या काळात ते कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. आजचे गांधीनगर ते हेच.

"अम्मी, ते तर इथले कोणीच नव्हते. मग त्यांना राहू कसे दिले?" मुलाने विचारले.

आम्ही त्याला मदीनेची गोष्ट सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) आणि त्यांचे साथी मक्का सोडून आले, तेव्हा अन्सारांनी मुहाजिरांना भाऊ मानले, घरात आणि कमाईत वाटा दिला. ही गोष्ट त्याला तोंडपाठ होती. पण आमच्याच इमारतीत बिहारहून आलेल्या हमालाच्या मुलाला "याला मराठी येत नाही" म्हणून तो खेळायला घेत नव्हता. आम्हालाही हे माहीत होते. वर्गात अन्सारांचा धडा शिकवणारे आम्ही घरी मात्र गप्प राहिलो होतो. त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. मुलाला तसे सांगूनही टाकले. तो काही बोलला नाही.

परवा असरनंतर खिडकीतून पाहिले. तो बिहारी मुलगा बॅटिंग करत होता आणि आमचा मुलगा त्याला धावा मराठीतून मोजायला शिकवत होता. अल्हम्दुलिल्लाह!

कोल्हापूरला गेलात तर रंकाळा जरूर पाहा. पण मुलांना त्या स्मारकापाशीही थोडा वेळ उभे करा.