सिस्टरांचं देणं

माझ्या कण्यात आज जे हाड आहे, त्यातलं काही माझं, काही औषधाचं आणि बरंचसं सिस्टरांचं आहे. डॉक्टरांनी निदान केलं, मुलाने पैशाची सोय केली, सुनेने घर सांभाळलं. त्यांचे उपकार आहेतच. पण दोन वर्षं रोज रात्री पोटात एक सुई टोचायची, ती सुई ज्या पेनाला लावतात ते पेन जालना जिल्ह्यातल्या आमच्या जाफराबादच्या उन्हाळ्यात थंड ठेवायचं आणि जीव कंटाळला तरी खाडा होऊ द्यायचा नाही, हे सगळं ज्या बाईने माझ्याकडून करवून घेतलं, तिच्याविषयी मला लिहायचं आहे.

सिस्टर आमच्याच गल्लीत राहतात. त्या आरोग्य खात्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावात त्यांना नावाने कुणीच हाक मारत नाही. पूर्णा आणि केळना या दोन नद्यांच्या काठची कितीतरी गावं त्यांनी खांद्याला लसीची पेटी अडकवून पायी पालथी घातली आहेत. नदीला पाणी असलं की पेटी डोक्यावर घ्यायची आणि उतार शोधत पलीकडे जायचं. त्यांच्या हातची लस घेतलेली मुलं पुढे माझ्या वर्गात बसली. आमची ओळख तेवढीच होती. एकीने टोचायचं, दुसरीने शिकवायचं.

२०१९ च्या पावसाळ्यात नळाला पाणी आलं म्हणून मी बादली उचलली आणि पाठीत कट्‌कन आवाज झाला. महिनाभर मी मलम चोळलं, शेक घेतला, पट्टा बांधला. कुणी म्हणालं मणक्यात गॅप आहे, कुणी म्हणालं वयाचं दुखणं आहे. आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या प्रत्येक दुखण्याला ही दोन उत्तरं तयार असतात. माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं इतक्या वाकल्या होत्या की बोलताना त्यांना मान वर करून माणसाचा चेहरा शोधावा लागे. तेही वयाचंच म्हणून आम्ही सगळ्यांनी मानून घेतलं होतं.

सिस्टर नातवाच्या दाखल्याचं विचारायला आल्या होत्या. मी दार उघडायला उठले, ते त्यांनी पाहिलं आणि दाखला बाजूला राहिला. त्यांनी मला भिंतीला टेकून उभं केलं. टाचा भिंतीला लागल्या, पण डोकं लागेना. बरगड्यांच्या खाली बोटं ठेवून कमरेच्या हाडापर्यंत किती जागा उरली ते चाचपलं. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या सर्व्हिस बुकात उंची लिहिलेली असंल ना?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या पानाचा मला कधी उपयोग झाला नव्हता. रुजू होताना लिहिलेली उंची आणि त्या दिवशी भिंतीवर खडूने खूण करून मोजलेली उंची, यांत जवळजवळ दोन इंचांचं अंतर निघालं. सिस्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, "पिशवी कधी काढली?"

१९९९ साली. मी सदतीस वर्षांची होते. अंगावरून जास्त जायचं, म्हणून दवाखान्यात गेले. तिथे सांगितलं, पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. दोन मुलं झालेली होती, घरच्यांनी सही केली. ट्रंकेतून डिस्चार्ज कार्ड शोधून काढलं तेव्हा सिस्टरांनी चष्मा लावून ते वाचलं. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलेली होती. वीस वर्षं ते कार्ड माझ्या घरात होतं आणि त्याचा माझ्या हाडांशी काय संबंध, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

संबंध असा आहे. हाड आयुष्यभर मोडत आणि बांधलं जात असतं. काही पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, काही पेशी तिथे नवं भरतात. कुरतडणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी नैसर्गिकपणे गेली तरी हा लगाम सैल होतो आणि पुढची काही वर्षं हाड भराभर झिजतं. अंडाशयंच काढली की तो एका दिवसात सुटतो. बाई तेव्हा पस्तीस-चाळीसची असेल, तर तिच्या हाडांची झीज दहा-पंधरा वर्षं आधीच सुरू होते. पर्यायी संप्रेरकं देता येतात, निदान कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि तपासणी यांचं तरी सांगता येतं. मला टाके काढायची तारीख सांगितली होती, बाकी काही नाही.

हे माझं एकटीचं असतं तर मी इथे लिहिलंही नसतं. त्याच २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न विधान परिषदेत गाजला. तीन वर्षांत साडेचार हजारांवर शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारनेच सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तर १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. सिस्टर ती बातमी मोठ्याने वाचत होत्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "ह्यांच्या हाडाचं कोण पाहणार?" तो प्रश्न मला अजून सोडत नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई आणि आतून पोकळ होत चाललेला तिचा कणा, हे दोन्ही एकाच वेळी मनात आणलं की संताप येतो. तो यायलाच हवा.

हाडांच्या तपासणीसाठी भावाने मला औरंगाबादला नेलं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. डेक्सा नावाच्या यंत्राखाली काही मिनिटं निजायचं असतं, दुखत काहीच नाही. हातात येतो तो टी-स्कोअर. तरुण निरोगी बाईच्या हाडांशी केलेली ती तुलना असते. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने रेघ ओढली की उणे २.५ किंवा त्याखाली गेलं तर ऑस्टिओपोरोसिस. माझा कण्याचा आकडा उणे ३.६ होता. एक्स-रेत दोन मणके पुढच्या बाजूने चेपलेले दिसले, त्यातला एक जुना. तो कधी चेपला ते मला कळलंही नव्हतं. जाफराबादची पडकी गढी मी रोज पाहत आले आहे. बाहेरचे दगड जागच्या जागी आणि आतली पांढरी माती पावसाने वाहून गेलेली. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला तेव्हा मला तीच आठवली.

त्यांनी औषधांचे दोन प्रकार समजावून सांगितले. बहुतेक औषधं हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवरतात. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी भरपूर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं न होण्याची ॲलेंड्रोनेटची गोळी त्यातलीच, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिडही त्यातलंच. दुसऱ्या प्रकारची औषधं नवं हाड बांधायला लावतात. माझे दोन मणके गेलेले, म्हणून आधी बांधायचं आणि मग जपायचं, असं ठरलं. औषधाचं नाव टेरिपॅराटाइड. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींतून येणाऱ्या संप्रेरकाचा हा एक तुकडा. हे संप्रेरक रक्तात सतत जास्त राहिलं तर हाड खातं, पण दिवसातून एकदाच थोडं देऊन ओसरू दिलं तर हाड बांधतं. बॉस्टनच्या फुलर ऑल्ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याची चाहूल १९२९ सालीच लागली होती. पण अमेरिकेत त्याला औषध म्हणून मंजुरी मिळायला २००२ उजाडलं. रोज २० मायक्रोग्रॅम, जास्तीत जास्त दोन वर्षं. एक पेन अठ्ठावीस दिवसांचं. आणि अट अशी की ते कायम २ ते ८ अंश तापमानात राहिलं पाहिजे आणि कधीही गोठता कामा नये.

ही अट ऐकून मी घाबरले. जाफराबादला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. सिस्टर मात्र खुलल्या. "दोन ते आठ? मी जन्मभर दुसरं काय केलं?"

त्यांनी माझा फ्रिज ताब्यात घेतला. दारातल्या कप्प्यात पेन ठेवायचं नाही, कारण दार उघडलं की तिथे ऊन हवा लागते. बर्फाच्या कप्प्याजवळ नाही, मागच्या भिंतीला टेकूनही नाही, कारण तिथे गोठतं. मधल्या फळीवर, डब्यात, शेजारी थर्मामीटर. उपकेंद्रात असताना जशी सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद व्हायची तशी वही त्यांनी घातली आणि सुनेला सही करायला लावली. वीज गेली तर पेन लस नेण्याच्या जुन्या पेटीत हलवायचं. पण आइस पॅक डीप फ्रीजरमधून काढून लगेच पेटीत घालायचे नाहीत. बाहेर ठेवायचे, त्यांना घाम सुटू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचे. आत पाण्याचा आवाज आला की ते वापरायला तयार. त्रिगुणीची, धनुर्वाताची लस गोठली की वाया जाते, हे त्या ज्या काळजीने सांभाळत आल्या, तीच काळजी माझ्या पेनाच्या वाट्याला आली. मी स्वयंपाकघरात उभी राहून आइस पॅक कानाशी हलवत असे आणि त्या दुसऱ्या खोलीतून विचारत, "आला का आवाज?"

पहिले काही दिवस सुई टोचली की चक्कर यायची. हे होऊ शकतं, म्हणून अंथरुणावर बसूनच टोचायचं, हे त्यांनी आधीच ठरवून दिलं होतं. पायात गोळे यायचे. मुलाने पेनाच्या खोक्यातला कागद वाचला आणि उंदरांना हाडाचा कर्करोग झाल्याचा उल्लेख पाहून तो हादरला. डॉक्टरांनी समजावलं की उंदरांना ते खूप मोठ्या प्रमाणात आणि जवळजवळ आयुष्यभर दिलं होतं, माणसांत तसं आढळलेलं नाही. पुढे २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो ठळक इशाराही काढून टाकला. पण मी औषध सोडलं नाही, ते केवळ समजावण्यामुळे नव्हे. जेवणं आटोपली की सिस्टर ओट्यावर येऊन बसत. मी आजारी आहे असं त्या वागत नसत. पेन उघडून झालं का, एवढंच विचारत.

मग टाळेबंदी आली. त्याच काळात मी निवृत्त झाले. शाळा बंद, निरोप नाही, हार नाही. पेनं जालन्याहून औषधांच्या गाडीत थर्माकोलच्या खोक्यातून गावातल्या एका मेडिकलमध्ये येत. सिस्टर तोंडाला पदर बांधून मे महिन्याच्या उन्हात तिथे जाऊन उभ्या राहायच्या आणि खोकं स्वतःसमोर उघडायला लावायच्या. एकदा बर्फाचा दगडासारखा गोठलेला पॅक थेट पेनाला चिकटून आलेला. दुकानदार म्हणाला, थंडच तर पाहिजे ना. त्यांनी ते पेन घेतलं नाही. काही हजारांची वस्तू, वरून दिसायला चांगली, आणि दुसरी यायला चार दिवस. त्या चार दिवसांत मी चिडले, रडले. त्यांचं एकच उत्तर होतं. गोठलेली लस देऊन मुलाला टोचल्याचं समाधान मिळतं, पण मूल उघडंच राहतं. नवं पेन आलं तेव्हा त्यांनी त्याला स्वतः हात लावून पाहिला, मगच माझ्याकडे दिलं.

कॅल्शियम, दूध, तिळाची चटणी आणि आठवड्याला साठ हजार युनिटांची ड जीवनसत्त्वाची पुडी हेही सोबत होतं. शेतात दिवसभर उन्हात राबणाऱ्या बायकांतही हे जीवनसत्त्व कमी निघतं. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या अंगाला ऊन लागणार तरी कुठे?

दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा केली. कण्याचा आकडा उणे ३.१ झाला होता. खुब्यात फार फरक नव्हता. रोग अजून आहेच, पण कण्याची घनता जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढली होती आणि नवा मणका चेपला नव्हता. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत याच मात्रेने कण्यात सरासरी एवढीच वाढ दिसली होती आणि मणके मोडण्याचं प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांनी घटलं होतं. डॉक्टरांनी बजावलं की आता थांबलात तर मिळवलेलं हाड ओसरून जाईल. म्हणून रक्ततपासणी करून, दात दाखवून झोलेड्रोनिक ॲसिड सुरू झालं. पहिल्या सलाईननंतर ताप येतो, अंग ठणकतं, हे सिस्टरांनी सांगून ठेवलं होतं. तसंच झालं आणि दोन दिवसांत गेलं.

मी त्यांना साडी घेतली होती, ती त्यांनी ठेवून घेतली. पैसे मात्र घेतले नाहीत. मी फारच धरून बसले तेव्हा त्यांनी मागणी केली. माझे दोन्ही रिपोर्ट आणि ते जुनं डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत घालायचं आणि त्या बोलावतील त्या घरी जायचं. ज्यांची पिशवी काढली आहे, ज्या वाकू लागल्या आहेत, त्यांच्या घरी. "मी सांगितलं तर सरकारी वाटतं. तुम्ही दाखवा," असं त्यांचं म्हणणं.

मध्यंतरी आम्ही दोघी तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. बाई चाळिशीची, कापूस वेचून आलेली. गर्भाशय पस्तिसाव्या वर्षी काढलेलं. कार्ड होतं, पण अंडाशयांचं त्यात काय लिहिलंय ते तिला ठाऊक नव्हतं. सिस्टरांनी चष्मा लावून वाचलं. दोन्ही काढलेली. अजून एकही हाड मोडलेलं नाही, म्हणजे वेळ आहे, असं त्या तिला म्हणाल्या. बाईने माझे रिपोर्ट उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, तपासणीला किती खर्च येईल, आणि नवऱ्याला काय सांगायचं.

"त्याला उद्या घरी थांबवा," सिस्टर म्हणाल्या, "मी सांगते. मॅडम, तुम्ही पण या."