डेस्कटॉप भाड्यानं घेताना

सीए ऑफिसात कॉम्प्युटरचं कोण बघणार, हे कधी ठरवून होत नाही. ज्याला एकदा अडलेला प्रिंटर चालू करता आला, त्याच्या गळ्यात ते काम पडतं. आमच्याकडे ते माझ्या गळ्यात आहे. माझं मूळ काम ऑडिट आणि जीएसटीचं; पण सर्व्हर, टॅलीचं लायसन्स, बॅकअप आणि नव्या आर्टिकलचं, म्हणजे शिकाऊ सीएचं, लॉगिन हेही माझ्याकडेच. त्यामुळे मार्च एंड उरकल्यावर सर मलाच म्हणाले, "मॅडम, हे घरून कामाचं एकदा मार्गी लावा. क्लाउडवर डेस्कटॉप भाड्यानं मिळतात म्हणे."

मार्गी लावायची गरज होतीच. कोविडनंतर आमचं पुण्यातलं ऑफिस पुन्हा कधी पूर्ण भरलं नाही. एक जुनी सहकारी चिपळूणला राहायला गेली, पण काम सोडलं नाही. दोघी जणी आठवड्यातले काही दिवस घरून बसतात. आर्टिकल तर निम्मा वेळ क्लायंटच्या फॅक्टरीत, चाकणला नाहीतर भोसरीला. हे सगळे एका ॲपनं ऑफिसमधल्या आपापल्या पीसीला जोडून घ्यायचे. म्हणजे घरी लॅपटॉप, शिवाय ऑफिसात रिकाम्या खुर्चीसमोर चालू ठेवलेला पीसी. लाइट गेली आणि यूपीएस उतरला, की चिपळूणहून शिपाईमामांना फोन: "मामा, खिडकीजवळच्या मशीनचं बटण दाबता का?" रविवारी मामाही नसायचे. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि आमचे बरेचसे पीसी विंडोज ११ घेण्याच्या लायकीचे नव्हते. नवे पीसी घ्यायचे, तेही रिकाम्या खुर्च्यांसाठी, हे सरांना पटेना.

वस्तू तशी जुनीच आहे. मशीन दुसरीकडे चालतं, आपल्याकडे पडद्याचं चित्र येतं आणि आपल्याकडून की-बोर्ड-माउसचे इशारे जातात. मायक्रोसॉफ्टनं १९९८ मध्ये एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत हेच दिलं होतं. २०१४ मध्ये ॲमेझॉननं वर्कस्पेसेस या नावानं असे डेस्कटॉप भाड्यानं द्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टची सेवा, जिला आता अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात, सप्टेंबर २०१९ मध्ये खुली झाली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये विंडोज ३६५ आलं. याखेरीज आपल्याकडे 'टॅली ऑन क्लाउड' विकणारे लहान व्यावसायिक गल्लोगल्ली आहेत.

त्यातलाच एक जण पहिला आला, कारण त्याचा दर सगळ्यात कमी होता. त्यानं एक आयपी पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड दिला. ओटीपी नाही, काही नाही. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं पोर्ट थेट इंटरनेटवर उघडं. रॅन्समवेअरवाले हेच पोर्ट हुडकत हिंडतात. आत शिरून डी ड्राइव्ह उघडला, तर इतर फर्मच्या नावांचे फोल्डर ओळीनं दिसले. उघडले नाहीत, पण नावं वाचता आली; त्यातली दोन ओळखीची होती. "या सर्व्हरवर अजून कोण असतं?" मी विचारलं. "आपलेच सगळे सीए लोक आहेत की मॅडम," तो अभिमानानं म्हणाला. आम्ही त्याला चहा पाजला आणि तिथंच थांबलो.

मोठ्या कंपन्यांच्या सेवा विकणाऱ्यांची दरपत्रकं आली, त्यांत मात्र सगळंच सगळ्यांकडे होतं. सुरक्षित, वेगवान, कुठूनही, कोणत्याही डिव्हाइसवर. त्यावरून निवड होईना. मग मी ती बाजूला ठेवली आणि आमच्या ऑफिसात अडू शकेल अशा कामांची यादी काढली. टॅलीतली एंट्री, जी निव्वळ की-बोर्डवर चालते. डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं टोकन. गृहनिर्माण संस्थांचे ऑडिट रिपोर्ट, जे मराठीत द्यायचे असतात आणि जुने सगळे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडलेले आहेत. आणि प्रिंट. बाकी एक्सेल, ईमेल, पोर्टल कुठंही चाललंच असतं.

ट्रायल कोणाला द्यायचा, हा पुढचा प्रश्न. विक्रेते म्हणत, सरांना देऊ. सरांच्या घरी उत्तम फायबर; तिथं काहीही लोण्यासारखंच चालणार. मी चिपळूणच्या सहकारिणीला दिला, तोही पावसाळ्यात.

तिचा फोन स्पीकरवर टाकून मी बसले. पर्चेसचं व्हाउचर भरत होती. टॅलीवर हात बसलेली माणसं पडद्याकडे बघतच नाहीत. नजर बिलावर, बोटं एंटरवर. तिनं रक्कम टाकून एंटर दाबला, पडद्यावर काही हललं नाही, म्हणून परत दाबला. मग दोन्ही एंटर एकदम पोचले आणि कर्सर पुढचा रकाना ओलांडून गेला. "मॅम, हे माझ्या मागून चालतंय," ती म्हणाली. नेटचा स्पीड तपासला तर चांगला होता. घोटाळा होता तो जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेचा, लेटन्सीचा. व्हिडिओ बघायला भरपूर स्पीड पुरतो, कारण तो आधीच थोडा भरून ठेवता येतो. दाबलेला एंटर कोणी आधी भरून ठेवू शकत नाही. मायक्रोसॉफ्ट हा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा म्हणतं. त्या दिवशी तिच्याकडे तो त्याच्या दुप्पट होता. लॅपटॉप वायफायवरून काढून वायरनं राउटरला जोडला, दुसऱ्या कंपनीचं सिम जोडीला ठेवलं, आणि आकडा शंभराच्या आसपास आला. मग तिची बोटं पुन्हा धावायला लागली.

याच परीक्षेत एक सेवा गळाली. विक्रेत्यानं स्वस्त पडतं म्हणून डेस्कटॉप भारताबाहेरच्या रीजनमध्ये, म्हणजे परदेशातल्या डेटा सेंटरमध्ये, ठेवला होता. तो भारतात आणा म्हटल्यावर दर बदलला. आमच्या दृष्टीनं रीजनचा प्रश्न नुसता वेगाचा नव्हताच. कंपन्यांच्या हिशेबांबाबत २०२२ च्या ऑगस्टमध्ये नियम बदलला: इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असायला हवा. आम्ही दुसऱ्यांच्या ऑडिटमध्ये हेच तपासतो. अझूरचं 'सेंट्रल इंडिया' रीजन पुण्यात आहे, हे कळल्यावर सर हसले. "एवढं क्लाउड-क्लाउड करून शेवटी डेटा पुण्यातच राहणार तर!"

बॅकअपची धास्ती आम्हाला पुस्तकातून लागलेली नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या एका क्लायंटच्या दुकानातला पीसी आणि शेजारच्या कपाटातला बॅकअपचा पेन ड्राइव्ह, दोन्ही एकाच पाण्यात गेले. हिशेब पुन्हा उभा करायला बँक स्टेटमेंट आणि पुरवठादारांची बिलं गोळा करत बसावं लागलं.

डीएससीनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. कंपनीचं किंवा एलएलपीचं रिटर्न सहीशिवाय जात नाही आणि ती सही यूएसबी टोकनमध्ये असते. टोकन घरच्या लॅपटॉपला लावायचं, ब्राउझर मात्र क्लाउडमधल्या डेस्कटॉपवर. टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलचं एमसायनर हे सहीचं सॉफ्टवेअर क्लाउडमधल्या मशीनवर असावं लागतं, आणि जोडणीच्या सेटिंगमध्ये स्मार्ट कार्ड पुढं पाठवायला परवानगी द्यावी लागते. एका ट्रायलमध्ये टोकन दिसलंच नाही. विक्रेत्याचा इंजिनिअर म्हणाला, "टोकन आमच्याकडे पाठवा, सर्व्हरला लावून ठेवतो." दुसऱ्याची सही परक्याच्या डेटा सेंटरमध्ये खोचून ठेवायची! शिवाय रिमोट सेशनला दिसतं ते आपल्या बाजूचं स्मार्ट कार्ड, सर्व्हरला लावलेलं नव्हे. म्हणजे त्याचा उपाय चाललाही नसता. दुसऱ्या सेवेवर सेटिंग बरोबर लागल्यावर पिन विचारणारी चौकट उघडली आणि सही झाली.

पण तेवढ्यानं सह्या घरून होऊ लागल्या नाहीत. क्लायंटची टोकनं ऑफिसच्या कुलुपातल्या डब्यात असतात, नावांच्या चिठ्ठ्या लावून, आणि ती आर्टिकलच्या बॅगेतून घरी पाठवायची नाहीत यावर सर ठाम आहेत. म्हणून २० तारखेच्या आसपास, जीएसटीआर-३बी भरायच्या दिवसांत, दोघांनी ऑफिसात यायचंच, असं ठरलं. घरून कोणी कधी बसायचं याचं आमचं वेळापत्रक त्या डब्यानं आखून दिलं.

पैशाचा हिशेब आमच्या धंद्यातला, म्हणून तो सोपा जाईल असं वाटलं होतं. विंडोज ३६५ चं बिल माणशी, महिन्याला ठरलेलं. वापरा किंवा नका वापरू. वर्कस्पेसेसमध्ये महिन्याचा दर आहे आणि तासाचाही. अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये मशीन चालेल तेवढ्याचे पैसे, आणि एका मशीनवर अनेक जण एकाच वेळी विंडोज ११ वापरू शकतात. त्यासाठीचा हक्क आमच्याकडे आधीपासून असलेल्या मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियममध्ये येतोच. मात्र तिथं सांभाळायला माणूस लागतो, आणि बारीक अक्षरं वाचावी लागतात. विंडोजमधून शटडाउन केलं तरी मशीन आपल्या नावानं राखून ठेवलेलं असतं आणि मीटर पळत राहतो. ते पोर्टलवरून किंवा वेळापत्रकानं सोडून द्यावं लागतं. तसं सोडलं तरी डिस्कचं भाडं चालूच.

आमच्या लोकांचे प्रत्यक्ष कामाचे तास मांडल्यावर उत्तर निघालं. आर्टिकल कमी-जास्त होतात, सप्टेंबरात रात्रीपर्यंत बसतात, परीक्षेच्या रजेवर गेले की महिनोन् महिने फिरकत नाहीत. त्यांना अझूरवर एकच मशीन वाटून, रात्री आपोआप सुटणारं. चिपळूणची सहकारी आणि आणखी एक जण वर्षभर, दिवसभर टॅलीवर. त्यांना विंडोज ३६५, ठरलेल्या बिलात. टॅलीचा डेटा त्याच पुण्यातल्या रीजनमध्ये, रोजच्या बॅकअपसह. प्रिंट ऑफिसच्याच प्रिंटरवर निघते. घरून प्रिंट काढायला आम्ही बंदीच घातली. मराठी रिपोर्टसाठी जुने फॉन्ट दोन्हीकडे टाकले आणि नवं सगळं युनिकोडमध्येच, असं सांगितलं.

एक वाद राहिला होता. क्लायंट बँक स्टेटमेंट व्हॉट्सॲपवर पाठवतात. ते क्लाउडमध्ये न्यायचं तर कॉपी-पेस्ट चालू हवं, आणि चालू ठेवलं तर क्लायंटचा अख्खा डेटा त्याच वाटेनं घरच्या लॅपटॉपवर उतरणार. तोडगा सेटिंगमध्येच होता. क्लिपबोर्ड एकाच दिशेनं चालतो, बाहेरून आत. आर्टिकल कुरकुरले, मग सवय झाली.

करार करण्याआधी प्रत्येक विक्रेत्याला मी विचारलं होतं, की उद्या सोडायचं ठरवलं तर कसं? बहुतेकांना हा प्रश्न नवा होता. एकानं "असं कशाला बोलता मॅडम" म्हणून विषय बदलला. त्याचं नाव यादीतून गेलं. ज्याला काम दिलं, त्याच्याकडे ट्रायल संपताना टॅलीचा सगळा डेटा परत ऑफिसच्या मशीनवर उतरवून, लायसन्स तिथून सरेंडर करून इथं पुन्हा चालू करून पाहिलं. दुपारच्या जेवणापर्यंत झालं. मगच सरांनी सही केली.

आता ओळखीतले सीए फोन करून विचारतात, यातली कोणती सेवा चांगली? मी त्यांना उलट विचारते, तुमच्याकडे सगळ्यात खराब नेट कोणाचं आहे आणि सगळ्यात किचकट काम कोणाकडे? ट्रायल त्या दोघांना द्या, आणि तो २० तारखेच्या आठवड्यात घ्या. त्यांचं काम वेळेत उरकलं तर पुढं दराचं बोला. दर कमी करून मिळतो, चिपळूणचा पाऊस नाही.